दिवाळसणाच्या काठ्या

…नाही, पण मी म्हणतो, काठ्या भरीव हव्यात की पोकळ, हे जावयानं फोनवर सांगायला काय झालं होतं? अं? तुम्हाला सांगतो, आमच्या सातारा-सांगलीकडं पहिल्या दिवाळसणाला जावई घड्याळ मागतो, अंगठी मागतो, फारच दांडगा असला तर मोटारसायकल मागतो आणि मिळेपर्यंत ताटावर बसत नाही. माणसाला तयारी तरी करता येते! आमचे जावई पडले लष्करात कॅप्टन. साईराज. कुंडलचे. बोलायला इतके मऊ… पठाणकोटवरून म्हणाले, "बाबा, मला काही नको. अगदीच तुमचा आग्रह असेल तर आयर्नचा एक सेट चालेल." मी म्हटलं हो. म्हणणारच! पोरगी दिलीय हो त्यांच्या घरात, त्यांनी सांभाळून घ्यायला नको?

घरी येऊन मंडळींना सांगितलं, तर ती म्हणते, "आवं, इस्त्री तर रुखवतातच दिलीया की!" झालं. पुन्हा एसटीडी बूथ, पुन्हा रांग. तेव्हा आमची संयोगिता म्हणाली, "बाबा, आयर्न म्हणजे गोल्फच्या लोखंडी काठ्या. यांचे मोठे साहेब खेळतात ना, म्हणून यांनाही…" आणि लाईन कट.

आता साताऱ्यात गोल्फ कुठं मिळणार? निघालो दोघं पुण्याला. खंबाटकीत एसटी तापली, ते सोडा, तो वेगळाच विषय आहे. दुकानदार टाय लावलेला, हळू बोलणारा. पहिलाच प्रश्न काय विचारावा त्यानं? "जावईबापूंचं हँडिकॅप किती आहे?"

हँडिकॅप! म्हटलं, "अहो, तोंड सांभाळून बोला! मे महिन्यात भर मांडवात मी स्वतः पाय धुतलेत त्यांचे, दोन्ही धडधाकट होते!" तो बिचारा घटाघटा पाणी प्याला. मग म्हणाला, तसं नव्हे, खेळणारा किती कच्चा किती पक्का, त्या आकड्याला गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणतात. आता हे मला कसं ठाऊक असणार? व्याह्यांना जाऊन विचारू का, "पाव्हणं, तुमचा पोरगा कच्चा हाय का पक्का?"

मग त्यानं दोन जाती काढल्या. एक भरीव, पातं पातळ, पाठ सपाट. ती म्हणे मुरलेल्या खेळाडूंची; चेंडू बरोबर मध्ये लागला तर लोण्यासारखा जातो, नाही लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या! दुसरी मागनं कोरलेली, पोकळ. "ही नवशिक्यांची, साहेब. फटका चुकला तरी ही सांभाळून घेते."

सांभाळून घेते! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. लग्नापासून मी दुसरं म्हणतोय काय? हंबीररावांना, म्हणजे व्याह्यांना, हात जोडून… सांभाळून घ्या. विहीणबाईंना, पोरीच्या भाकऱ्या जाड होतात, सांभाळून घ्या. गडबडीत वरातीच्या घोड्यालासुद्धा म्हटलं असेन! आणि ही काठी न सांगता सांभाळून घेते? म्हटलं, बांधा.

तर मंडळी आडवी! काठी उलटी केली, कोरलेल्या जागेत बोट फिरवलं. "आवं, हितला माल काढून घेतलाय ह्यांनी!" दुकानदार म्हणतो, "बाई, तसंच असतं, वजन कडेला नेलेलं असतं." "कडंला न्हेलंय का घरी न्हेलंय? पोरीला पाटल्या भरीव घातल्या आमी, आन् जावयाला पोकळ?" वर माझ्या कानात, "नवशिक्याची म्हणतोय त्यो. पहिल्याच सणाला जावयाला नवशिका ठरवायचं? हंबीरराव काय म्हणतील पोरीला?"

हे मात्र खरं होतं. पोकळ द्यावी तर अपमान, भरीव द्यावी तर झिणझिण्या जावयाला आणि टोमणे माझ्या पोरीला! तुम्ही काय केलं असतं, सांगा? मी गुपचूप भरीव घेतल्या.

दिवाळीला सगळे साताऱ्याला आले. ओवाळणं झालं, काठ्या पुढं केल्या. जावई बघतच राहिले. "बाबा, असल्या तर आमच्या साहेबांकडंसुद्धा नाहीत!" हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "पाव्हणं, मान राखलासा!" मग काय, घरामागच्या मोकळ्या रानात सगळी आळी गोळा. जावयांनी पवित्रा घेतला, काठी फिरवली… चेंडू जागच्या जागी, ढेकूळ मात्र शेजाऱ्यांच्या गच्चीवर! दुसऱ्यांदा लागली चेंडूला, पण कडेला, आणि कॅप्टनसाहेब हात झटकत गोल गोल फिरायला लागले. म्हटलं, संपलं. आता काही पोरीचं खरं नाही.

पण माणूस बघा हो! हसले, म्हणाले, "चूक माझी, बाबा. मी अजून शिकतोय, काठ्या फार वरच्या आहेत." मला भरून आलं. जन्मभर आपण म्हणत राहतो आणि इथं जावयानंच सासऱ्याला सांभाळून घेतलं!

तेवढ्यात संयोगितानं मला बाजूला घेतलं. हळूच म्हणते, "बाबा, या आम्ही बैठकीत मांडून ठेवू, साहेब येतात तेव्हा दिसतील. खेळायला त्या दुसऱ्या, पोकळ लागतील."

म्हटलं, "अगं, पण दिवाळसण तर झाला!"

तर काय म्हणावं तिनं? माझ्या पोरीनं! "पुढच्या वर्षी अधिक महिना आहे की, बाबा. जावयाला वाण द्यावंच लागतं."

…चला. पोरगी सासरी रुळली म्हणायची!