सासूबाईंची नवी नजर

दाताच्या दवाखान्यात माझी दाढ विसरायला लावणाऱ्या दोघी मैत्रिणी देवानेच शेजारी बसवल्या.

"सासूबाईंचा चित्रकलेचा क्लास बंद करायचाय. काहीतरी सुचव."

"का गं?"

"तिथे बारीकसारीक बघायला शिकवतात. आता कपाटावरचं जाळंसुद्धा काढू देत नाहीत. म्हणे, 'उन्हात किती सुरेख चमकतंय!'"

"टोमणा असेल."

"छे, रंगवलंयसुद्धा! परवा माझं चित्र काढलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं हुबेहूब."

"अगबाई! भांडलीस?"

"कशी भांडू? चित्र काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा त्याच करतात."

"आणि तू क्लास बंद करतेस?"

"अगं, वाफेचा रंग बघत बसतात. माझ्या हाती गार चहा, तोही बिनसाखरेचा!"

"मग सांगू त्यांना क्लास सोडायला?"

"थांब गं. वर्तुळं फिकट झाली का, ते रोज बघतात."