दोन हिरव्या बरण्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय साहेब, व्यासपीठावर संकोचून बसलेले बाईंचे यजमान, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या चित्रकार बाई, कामं टाकून आलेल्या उपाहारगृहाच्या मावशी, आणि दाराजवळच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा पहिला विचार मनात आला की मलाच का? एवढी गोड बोलणारी माणसं असताना माझं नाव कोणी सुचवलं, आणि त्यात त्यांचा काय डाव आहे? हे अजून कळलेलं नाही. हार माझ्याच हातात दिला होता, तोही मी उलटसुलट करून पाहिला. काय करणार, खेळ तपासणं हा माझा धंदा आहे. कुठे काय बिघडलंय ते शोधायचा मला पगार मिळतो. तुम्ही मला पाठीमागे ‘चाळणी’ म्हणता, तेही मला माहीत आहे. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की लोक दुधात पाणी शोधतात आणि मी पाण्यात दूध शोधतो.

यजमानांना आमच्या कामाची कल्पना नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आपला खेळ साधा आहे. फळीवर रंगीत बरण्या असतात. एका रंगाच्या तीन बरण्या शेजारी आल्या की त्या नाहीशा होतात, आणि फळी रिकामी झाली की डाव सुटला. असे खेळ बाजारात पोत्यानं आहेत. मग माणूस आपलाच का उतरवून घेणार? तर फोनवरच्या ॲप स्टोअरमध्ये खेळाच्या नावाशेजारी नखाएवढं एक चित्र असतं आणि खाली चार-पाच मोठी चित्रं असतात, त्यांच्यावरून. लोक दुसऱ्या चित्रापर्यंतसुद्धा जात नाहीत. पहिल्यावर नजर थबकली तर ठीक, नाही तर अंगठा पुढे सरकतो. ही चित्रं गेली सात वर्षं बाई काढत होत्या.

त्यांची पद्धत मला पहिल्यापासून संशयास्पद वाटायची. चित्र झालं की बाई फोन जमिनीवर ठेवायच्या आणि खुर्चीवर उभ्या राहून डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहायच्या. मग सगळा रंग काढून चित्र काळंपांढरं करायच्या आणि बरण्या तरीही वेगळ्या ओळखू येतात का ते बघायच्या. चित्रावर तीनपेक्षा जास्त शब्द घालू द्यायच्या नाहीत. आणि रोज अकराच्या सुमारास फोन पालथा धरून कुठेतरी गायब व्हायच्या. आता फोन कोणी पालथा धरतं का? मला वाटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. बाई आपली चित्रं दुसऱ्या कंपनीला दाखवत असणार.

एके दिवशी मी मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, उपाहारगृहात कपबशांच्या कपाटाआड उभा राहिलो. बाईंनी फोन मावशींसमोर धरला, तीन आकडे मोजावेत तेवढाच वेळ, आणि पुन्हा पालथा केला. “काय दिसलं?” मावशी म्हणाल्या, “बरण्या लावायच्यात.” बाई खूश होऊन परत गेल्या. नंतर मला कळलं की मावशींनी “छान आहे” म्हटलं की ते चित्र नापास. बघणाऱ्याला काय करायचंय ते कळलं पाहिजे, कौतुक काय करायचंय, असं बाईंचं म्हणणं. मावशी, सात वर्षं तुम्ही या कंपनीच्या सर्वांत कडक परीक्षक होतात, आणि हे तुम्हाला आज पहिल्यांदा कोणीतरी सांगतंय.

बाईंचा दुसरा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रात जो डाव दिसतो, तो खरोखर सुटला पाहिजे. म्हणून प्रत्येक चित्र त्या आधी माझ्याकडे पाठवायच्या. मी तो डाव खेळायचा, खाली ‘खेळून पाहिलं’ असं लिहायचं, आणि मगच चित्र स्टोअरवर जायचं.

आता अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून थोडं पुढचं बोलतो. कार्यक्रमपत्रिकेत मला सात मिनिटं आहेत, त्यातली किती झाली कोण जाणे. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतायत, त्यांनी कृपया थोडं दुसरीकडे बघावं.

तीन महिन्यांपूर्वी स्टोअरवर एक चित्र गेलं. त्यात नऊ बरण्या होत्या. तीन लाल, चार पिवळ्या आणि दोन हिरव्या. आपला खेळ एकदा खेळलेलं पोरही सांगेल की ही फळी जन्मात रिकामी होणार नाही. गंमत अशी, की खेळ उतरवून घेणारे एकदम वाढले. न सुटणारा डाव दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. आणि दहाव्या दिवशी शिव्या सुरू झाल्या. ‘चित्रात फसवणूक आहे.’ ‘लोकांना मूर्ख समजता का?’

त्याच्या आदल्याच महिन्यात साहेब सभेत म्हणाले होते की खेळाची मागणी घटतेय, चित्रांचं काम बाहेर द्यावं लागेल. मी दोन आणि दोन पाच केले. मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, “साहेब, बाईंनी हे मुद्दाम केलंय. काम हातचं जाऊ नये म्हणून.” हे वाक्य माझं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलंय आणि पुढे नेलंय, पण उगम मी आहे.

साहेबांनी चित्रांचं काम बाईंकडून काढून घेतलं. दीड महिन्यानं बाईंचा राजीनामा आला. कारण वैयक्तिक. मला तेव्हाही वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

गेल्या सोमवारी या भाषणासाठी बाईंची जुनी चित्रं शोधत होतो. त्यात ते चित्र सापडलं. त्याची पहिली प्रतही सापडली. तिच्यात तीन लाल, तीन पिवळ्या आणि तीन हिरव्या बरण्या होत्या. खाली एक टीप होती. ती इथे मोठ्यानं वाचतो. ‘कोपऱ्यातली हिरवी बरणी भिंतीच्या रंगात हरवते. पिवळी करा.’ टीप माझी. बाईंनी पिवळी केली आणि नियमाप्रमाणे चित्र परत माझ्याकडे पाठवलं. त्याच्याखाली लिहिलंय, ‘खेळून पाहिलं. ठीक.’ तेही माझंच. वेळ अकरा वाजून सहा मिनिटं. मंडळी, त्या दिवशी अकरा वाजून सहा मिनिटांनी मी कपबशांच्या कपाटाआड उभा होतो. तिथूनच फोनवर सही करून टाकली होती. ज्या बाईवर पाळत ठेवत होतो, तिचाच डाव न खेळता.

मंगळवारी मी बाईंकडे गेलो. त्या खण रिकामा करत होत्या.

“बाई, ही टीप माझी आहे.”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“साहेबांनी विचारलं, असं का केलंस. कोणी केलं, हे कुठे विचारलं?” रंगांचे ब्रश रबरात गुंडाळत त्या म्हणाल्या, “आणि मला वाटलं, तुम्ही स्वतःहून बोलाल. दीड महिना वाटत होतं. मग वाटेनासं झालं, तेव्हा कागद लिहिला.”

मला त्यांना सांगावं लागलं की मला ठाऊकच नव्हतं. सगळ्या जगाचे कागद तपासले, स्वतःचा नाही. त्यांनी ब्रशांचं पुडकं पिशवीत टाकलं. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय.

बाई आता थांबणार नाहीत, मी विचारून पाहिलं. येत्या सोमवारी त्या नव्या ठिकाणी रुजू होतायत. पण आपला धंदा लहान आहे, आणि माणसाच्या आधी त्याची कुजबुज पोचते. तेव्हा साहेब, त्यांना जे अनुभवाचं पत्र द्यायचंय त्यात हे चित्र आणि ही टीप माझ्या नावानिशी लिहावी. तो मजकूर मी लिहून आणलाय. या वेळी दोनदा वाचून पाहिलाय. आपण सही करण्याआधी तिसऱ्यांदा वाचावा, ही विनंती.

अध्यक्षांचे, यजमानांचे, मावशींचे आणि इतका वेळ चहाकडे न बघता बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. नावांचा क्रम, मानपान, वेळ यांत काही उणंअधिक झालं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घालावं. त्या बरणीचं मात्र कोणी पोटात घालू नये. बाई, तुम्ही तर मुळीच नाही. दीड महिना घातलंत, तेवढं पुष्कळ झालं.