उदयसिंहचा दुखरा पाय

पंक्चर न्हाय हो पावणं तुमच्या चाकात. ट्यूब दोनदा पाण्यात बुडवून बघितली, एक बुडबुडा न्हाय. हवा भरायचा वॉल्व कुणीतरी हातानं ढिला केलाय — कुणी केलाय ते तुमीच सांगा. अख्ख्या शिवाजी पेठेत हवा जायला तुमाला माझंच दुकान घावलं, आणि तेबी फुटबॉलची फायनल चार दिवसांवर आल्यावर? बसा की, आलाईसा तर बसा. नेसरीचं हाय म्हंता — असशीला. पर मला आधी कुठल्या तालमीच्या संघानं धाडलंय त्याचा वास येतो. परवा एकजण असाच चेन सैल झाली म्हणून आला, आणि जाताना विचारतोय, मामा, तुमचा उदयसिंह रविवारी हाय काय वो?

हाय. सांगा जाऊन. पाय मुरगळलाय जरासा, पट्टी बांधलीया, पर उतरणार. — उजवा. उजवाच की... डावा म्हंता? काल चौकात डाव्याला हुती? असंल. सुनेनं बांधताना — हे बघा, तुमी लई बारीक बघताय. चाक दाखवायला आलेला माणूस माझ्या पोराचा पाय कशाला बघील?

बरं, बघितलाईसा तर ऐका, म्हंजे बाहेर जाऊन भलतंच काय सांगू नगासा. पायाला कायबी झालेलं न्हाय. ती माझीच आयडिया. तुमी खेळलाय का कवा? खेळलाय — अंगावरनं वाटतंयच. मग ठावं असंल, समोरच्याला दुखणं कळलं की तो तिथंच घालतो. म्हणून दुखतंय एकीकडं आणि पट्टी दुसरीकडं. मारू देत पायावर, पाय त्याचं लोखंडाचं हायत. डोस्कं तेवढं वाचलं पायजे.

— म्हंजे डोस्क्याला बी तसं काय झालं न्हाय. सेमीफायनलला कॉर्नर आला, हा उडाला, त्यांचा फॉरवर्ड उडाला, टाळक्याला टाळकं बसलं. आवाज पार वर बसलेल्या माणसांस्नी ऐकू आला. पडला, पर तोंडावर पाणी मारल्यावर उठला की, शेवटपत्तोर खेळला — नुसतं हाफटाइमनंतर त्यांच्या पोरांत जाऊन उभारला, लोकं हसली, मी बी हसलो. घरात आल्यावर उलट्या. सून म्हंती उजेड सोसत न्हाय, खिडकीला चादर लावून बसतोय. चहा पिऊन झाला की परत चहा मागतो. डॉक्टरला दाखवलं की, दाखवायला काय झालं — पाय दाखवला. डोस्कं कसं दाखवणार? डॉक्टर पल्याडच्या पेठेतला, त्याचा कंपाउंडर फायनलला समोर हाय त्याच तालमीत बसतोय, सांजच्याला साऱ्या गावाला कळलं असतं. डॉक्टरनं पायाचा फोटो काढला, हाड चांगलं हाय म्हणाला. मी म्हटलं, झालं तर मग.

असं बघू नगासा माझ्याकडं. गोव्याच्या क्लबाचा माणूस फायनल बघायला येणार हाय, पगारावर नेणार त्याला. आमच्या गल्लीतलं कोण गेलंय तेवढं लांब? चोवीस वर्साचं पोरगं. आता बाहेर बसला की कायमचा बसला. गर्दीत त्याचं नाव घेऊन ओरडत्यात तवा मला काय वाटतंय, ते तुमाला न्हाय कळायचं.

सावलीत बी टोपी घालून बसलाईसा, ती काढा जरा. काढा म्हंतो न्हवं. — ही खूण कसली कपाळावर? थांबा. नेसरीचा शशिधर न्हवं तुमी? गडहिंग्लजच्या संघाचा गोलकीपर? अठ्ठ्याण्णवला गोलच्या खांबावर डोस्कं आपटलं आणि त्यानंतर बूटच घातलं न्हाईत. भ्याला म्हणालो आमी सगळी, शिट्ट्या मारल्या तुमच्या नावानं. — अजून दुखतंय? उन्हात गेलं की? इतकी वर्सं झाली की वो.

मग तुमाला धाडलं कुणी? सुनेनं? तेजस्वीनंच, मला वाटलंच हुतं, ती माझ्या मागं — न्हाय? उदयनं? तो कवा भेटला तुमाला? पन्हाळ्याला दोस्ताकडं जातो म्हणून दोघं नवराबायको गेलती सोमवारी... नेसरीला आलती. बरं. काय म्हणाला? — सोडायचं म्हणाला. कायमचं. दुसरा मार बसला तर — नगा, कळलं मला, म्होरं सांगू नगा. पर मला का न्हाय सांगितलं? हितंच आत पडलाय तो, मधी नुसता एक पडदा हाय. बापाला सोडून एवढ्या लांब जाऊन तुमाला का सांगितलं? भ्या वाटतंय म्हणाला? कशाचं? डोस्क्याचं?

— माझं?

माझं भ्या वाटतंय. अंगावर येणाऱ्या कुठल्या गड्याम्होरं कवा पाऊल मागं घेतलं न्हाय त्यानं, आणि माझं...

ते फडकं द्या हिकडं, हात काळं हायत. न्हाय, तुमी आत येऊ नगासा. मी जातो. खेळू नगंस म्हणून मीच सांगतो त्याला, माझ्या तोंडानं सांगतो. तुमी जावा आता. जावा म्हंतो न्हवं.