टोपलीतल्या गोचिड्या

मी जैनथकडची, पैनगंगेच्या काठची. लगन होऊन या गावात आली तवापासून पाटलाच्या गोठ्यात शेण काढलं, माही सासूबी तेच करे. गोचीड मले नवी नव्हती, म्हशीच्या कानात दोन-चार असतच. पण पाटलानं सरकारी योजनेतल्या जर्सी गाई आणल्या, लॉरीतून, हार घालून, वाजतगाजत, आन त्यायच्यासंगं जे उतरलं ते आमच्या गावानं कधी पाह्यलं नव्हतं. कासेखाली, शेपटीखाली, एरंडीच्या बिया चिकटवल्यावानी नुसता थर.

मी काढून दगडावर ठेचाले गेली त पाटलीणबाई ओरडल्या, शेवंते, गाईच्या गोठ्यात जीव मारतेस काय, शेणात दाब आन ने घरी सारवाले. काय सांगू तुमाले, ते शेण म्हणजे आमच्यावर उपकार होता. रोज टोपली आणली, रोज भुई सारवली. त्यायच्या गोठ्यात पाप नको, माह्या घरात काई बी चालते!

शेणात दाबल्यानं गोचीड मरते थोडीच. पावसाळा सरता सरता माह्या कुडाच्या फटीतून बारीक बारीक पिलं चालून राह्यली, गावातल्या साऱ्या गुरायवर बी तेच. मंग माह्या रत्नाले ताप भरला. नुकती शाळेत जाऊ लागली होती पोर. तळहातावर, तळपायावर लाल ठिपके.

तवाच पाटलाची एक गाय तापली. जनावराचा डॉक्टर जीपनं आला, सुई टोचली, ओसरीवर च्या पेला. मी पोर खांद्यावर घेऊन उभी. म्हटलं सायेब, हिलेबी पाहा ना जी. तो म्हणे बाई, मी गुरायचा डॉक्टर. पाटील म्हणे, हिले शिंगं फुटू दे, मंग आण. हसले सारे. पोर खांद्यावर भाजून राह्यली होती आन हे हसून राह्यले होते.

मी बसनं आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं तेलुगूत बोलत, मले समजेना, मलेरियाच्या गोळ्या देऊन वापस धाडलं. ताप काई हटेना. पुन्हा गेली, दारातच बसली, म्हटलं आता उठत नाई. तवा एका डॉक्टरीणबाईनं पोरीचे केस बाजूले केले, कानामागं काळी खपली दिसली, गोचीड चावल्याची. हिंदीत इचारे, घर में गाय है क्या? म्हटलं, गाय नाई बाई, शेण हाये. तिनं दवा बदलली. पोर वाचली, कान गेले.

गावात आली तशी गोचिड्यायसकट शेणाची टोपली भरली आन पाटलाच्या ओसरीवर उलटी केली. म्हटलं, बाई, तुमचे जीव तुमीच सांभाळा. काम गेलं, जाऊ द्या. पण काऊन कोणी सांगितलं नाई आमाले? गाईसाठी जीप येते, मंग गाईसंगं काय आलं हे सांगाले माणूस काऊन येत नाई?

आता रत्नाले लेकरू झालं. ते रडलेलं तिले ऐकू येत नाई, म्हणून त्याच्या छातीवर हात ठेवूनच निजते. त्या डॉक्टरीणबाईच्या लेकराबाळायचं भलं होवो. पाटलीणबाई अजून वाटंत भेटतात, म्हणतात, शेवंते, पोरगी बरी हाये ना?

मी म्हणते, हाक मारून पाहा ना, बाई.