सुमनचा जुना लॅपटॉप

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐका. आमची सुमन जाऊन वर्षं झाली, तरी तिचा लॅपटॉप मी जपलाय. मी विसरभोळा, म्हणून तिनं त्यात स्वतःच्या आवाजाचा गजर भरून ठेवला होता. रोज संध्याकाळी वाजतो, "अहो, मोटर बंद केली का?"

परवा आवाज चिरका यायला लागला, म्हणून इंदिरानगरचा लॅपटॉपवाला मळ्यात बोलावला. तो म्हणतो, "बाबा, ही विंडोज कंपनीनं कधीच बंद केली. नवी टाकतो."

"गजर राहील?"

"नाही. तो या जुन्यावरच चालतो."

"मग फक्त स्पीकर बदल. बंद केली म्हणे! माझ्यासमोर चालती की."

त्यानं तोंड वाकडं करून चार्जरची वायर उपटली, लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली. भर दुपार होती. तेवढ्यात सुमन बोलली, "अहो, मोटर बंद केली का?"

मी खेकसलो, "घड्याळ बिघडवलंस काय रे?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "बाबा, बॅटरी माझ्या हातात आहे."

मी अनवाणी विहिरीकडे पळालो. मोटर चालू होती अन् विहिरीत पाण्याचा थेंब नव्हता.