पाहुणी नव्हे, नलिनी जाधव

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. परवा दुपारी नलूताई गेल्या, आणि तेव्हापासून मी नुसती रडत होते. पण काल आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ वाचली. ‘आयुष्यभर परदेशात राहिलेल्या नलिनी शिंदे यांचे परदेशातच निधन.’ ज्यांनी लिहिलं त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते इथेच बसलेत. पण ती ओळ वाचली आणि माझं रडू थांबलं. राग आला. म्हणून मी उभी आहे. रागातच बोलणार आहे, समजून घ्या.

कसला परदेश? कुणाचा परदेश?

मला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी मेघना. याच ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर, नलूताईंच्या दारापासून तिसरं दार आमचं. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलो तेव्हा कडेवर दीड वर्षाची इरा होती आणि सोबत तीन बॅगा. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये माझं नि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं. मराठीतच, बिनधास्त. आपल्या या तोआ पायोह वस्तीत मराठी कोणाला कळणार? कोपऱ्यात भाजीची पिशवी घेऊन एक बाई उभ्या होत्या. नवव्या मजल्यावर दार उघडल्यावर त्या म्हणाल्या, ‘चूक याची आहे. पण तूही जरा जास्तच बोललीस.’

अशी आमची ओळख झाली.

मी चहाला गेले आणि आपण सगळे विचारतो तेच विचारलं. ‘ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?’

‘वेदरक्लफची.’

मी म्हटलं, ‘हे साताऱ्याकडे आलं का?’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘यॉर्कशायरकडे.’

मंडळी, तुमच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होतं? नलूताईंचं मराठी साताऱ्याचं होतं, आई-वडिलांकडून आलेलं. इंग्रजी यॉर्कशायरच्या गिरणीतल्या माणसांचं, रुंद, ठणठणीत. आणि खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर कॉफी मागवताना त्या ज्या भाषेत बोलायच्या ती सिंगापुरी, फक्त इथली. तिन्ही भाषा त्यांच्या होत्या. एकही उसनी नव्हती.

वडील साताऱ्याला शाळामास्तर होते. ते इंग्लंडला गेले आणि लोकरीच्या गिरणीत, रंगखात्यात लागले. नलूताई तेव्हा चार वर्षांच्या. वेदरक्लफ म्हणजे दोन टेकड्यांच्या बेचक्यातलं छोटं गाव. मधून एक अरुंद नदी. गिरणीत ज्या रंगाचं कापड रंगवलं जायचं त्या रंगाचं पाणी नदीतून वाहायचं. शाळेत जाताना पोरं पुलावरून वाकून बघायची. ‘आज निळी.’ ‘आज विटकरी.’ नलूताईंना आदल्या दिवशीच माहीत असायचं, कारण वडिलांची नखं त्या रंगाची असायची. वर्गात त्यांचं भाकीत कधी चुकलं नाही. मास्तरीण म्हणायची, हिला कसं कळतं?

त्या गावात मे महिन्यात मुलांची मिरवणूक निघायची. चर्चचं मोठं निशाण दोन माणसं धरायची, त्याला रेशमी फिती बांधलेल्या, आणि एकेक फीत एकेका मुलीच्या हातात. सगळ्यांना नवे कपडे. नलूताईंच्या आईने गिरणीतला उरलेला तुकडा आणला, राखाडी, सुटाचं जाड कापड, आणि त्याचा परकर शिवला. ऐका, परकर! सुटाच्या कापडाचा! ‘इतका जड होता गं,’ त्या सांगायच्या, ‘की वाऱ्याने बाकीच्या पोरींचे फ्रॉक उडत होते आणि माझा परकर जागचा हलत नव्हता. मीच तेवढी सरळ चालले.’

त्या मिरवणुकीचा कुणीतरी फोटो काढला. सात मुली, सात फिती. डावीकडून तिसरी नलूताई. वय वर्षं नऊ.

आता यापुढचं जरा नीट ऐका.

तीन वर्षांपूर्वी वेदरक्लफमधल्या काही निवृत्त मंडळींनी गावाचा इतिहास जमवायला घेतला. जुने फोटो, बालपणीच्या आठवणी, कोणत्या गल्लीत कोण राहायचं. वेबसाइट काढली, छोटं पुस्तक छापलं. नलूताईंना ते इंटरनेटवर सापडलं आणि त्या धावतच माझ्याकडे आल्या, पायात चपला नाहीत. ‘मेघना, बघ, माझा पूल! बघ, आमची गल्ली!’ मग तो फोटो आला. खाली ओळ होती. सहा मुलींची नावं, आडनावांसकट. आणि डावीकडून तिसऱ्या जागी लिहिलं होतं, ‘एक पाहुणी.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग लॅपटॉप बंद केला आणि घरी गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. मी बारा वर्षं त्या गावात राहिले, ती तिसरी मुलगी मी आहे, माझं माहेरचं नाव नलिनी जाधव. उत्तर फार सभ्य आलं. आपल्या आठवणी रंजक आहेत, परंतु मजकूर मूळ फोटोच्या पाठीवरून घेतलेला आहे. बदल करायचा तर कुणा स्थानिक व्यक्तीने दुजोरा द्यायला हवा.

स्थानिक व्यक्तीने.

मग नलूताईंनी काय केलं? आपल्या गल्लीचा नकाशा काढला. दोन्ही बाजूंचं प्रत्येक घर. कुणाच्या दाराला कोणता रंग, कुणाचं कुत्रं चावायचं, कुणाच्या चुलीचा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर यायचा, कोणती म्हातारी पायरी घासताना गाणी म्हणायची. एकोणीस नंबर स्वतःचं. नकाशा पाठवला. पुन्हा सभ्य उत्तर आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं.

आणि आपण? आपल्यातल्याच लोकांनी त्यांना काय सांगितलं, आठवतंय? गणपतीच्या जेवणाला एकजण म्हणाले, ‘कशाला एवढा खटाटोप? ते गाव आपलं थोडंच आहे? साताऱ्यावर लिहा की.’ नलूताई म्हणाल्या, ‘कळत्या वयात साताऱ्यात मी एकूण अकरा दिवस राहिले आहे. त्यावर किती लिहू?’

मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. माझं सांगते. त्याच सुमारास इराला शाळेत ‘माझं गाव’ असा प्रोजेक्ट होता. तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, तोआ पायोह. मी ते खोडलं आणि पुणे लिहिलं. ती रडत म्हणाली, ‘बट आय ॲम फ्रॉम हिअर लाह!’ मी दटावून गप्प बसवलं. पोरगी नलूताईंकडे गेली. थोड्या वेळाने त्या माझ्या दारात. हातात तो कागद.

‘हे तू खोडलंस?’

‘ताई, आपली मुळं तिला कळायला नकोत का?’

‘कळू देत ना. वेगळ्या कागदावर लिही. पण हा तिचा कागद आहे. तिच्या हातचं खोडायचा अधिकार तुला कुणी दिला?’

 

म्हणून पुढच्या वर्षी त्या म्हणाल्या, ‘मी वेदरक्लफला जाते, तोंडावर बोलते,’ तेव्हा मी म्हटलं, ‘मी येते.’ तेव्हा त्यांचा आजार कळलेला होता. औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधले तीन आठवडे होते हातात. डॉक्टर नाखूश. समीर, तूही चिडला होतास. ‘मम, एका कॅप्शनसाठी? डोन्ट बी स्टबर्न लाह.’ तुझं चुकलं नव्हतं, काळजी होती. पण त्यांनी तुला काय सांगितलं ते मी ऐकलंय. ‘तुझे बाबा तीस वर्षं कामासाठी जुरोंग आयलंडच्या बसमध्ये बसले. कुणी त्यांना रोज पाहुणा म्हटलं असतं तर तू गप्प बसला असतास?’ आणि तूच तिकीट काढून दिलंस.

आम्ही पोहोचलो तेव्हा वेदरक्लफचा इतिहास जमवणाऱ्या त्या मंडळींची महिन्याची बैठक होती. चर्चशेजारचा हॉल, वीसेक माणसं, सगळी सत्तरीच्या आसपास, मोठ्या पिंपातून चहा. नलूताई डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या होत्या. अध्यक्ष सद्गृहस्थ होते. म्हणाले, ‘आम्ही तोडगा काढलाय. पुढच्या आवृत्तीत छापू, नलिनी, काही काळ गावात राहिलेली भारतीय मुलगी.’

नलूताईंनी विचारलं, ‘बाकीच्या सहाजणी किती काळ राहिल्या, ते छापलंय?’

‘नाही. त्यांची फक्त नावं आहेत.’

‘मग माझंही फक्त नाव.’

‘पण वाचणारे विचारतील, ही कोण?’

‘विचारू देत!’

 आणि मागच्या रांगेतून एक बाई काठी टेकत उठली. डोरीन. फोटोत डावीकडून चौथी. नलूताई तिला ओळखायच्या आत ती बोलायला लागली.  म्हणाली, ‘फोटो आमच्या घरचा आहे. पाठीवरचं अक्षर माझ्या आईचं आहे. आईला तुझं नाव ठाऊक होतं, नलिनी. तू रोज शाळा सुटल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ब्रेड खायचीस. तिला ठाऊक होतं, तरी तिने ते लिहिलं. का, ते मला माहीत नाही. आणि मला हे सगळं माहीत असून मी तुझी पत्रं आली तेव्हा गप्प बसले. आईला खोटं पाडायचं जिवावर आलं.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आता नलूताई तिला मिठी मारतील. नाही मारली. त्या म्हणाल्या, ‘तुझ्या आईचा ब्रेड मला आठवतो. तो ती प्रेमानेच द्यायची. पण हे चूक आहे, डोरीन. ती गेली. तू आहेस.’

डोरीनने पेन मागितलं. बैठकीसाठी टेबलावर मांडलेला तो मूळ फोटो उचलला आणि उलटा केला. अध्यक्ष ओरडले, ‘अहो, तो मूळ दस्तऐवज आहे!’

डोरीन म्हणाली, ‘मूळ फोटो माझ्या आईचा आहे,’ आणि तिने ते दोन शब्द खोडले. वर लिहिलं, नलिनी जाधव, एकोणीस नंबर.

मग दोघी पुलावर गेल्या. गिरणी कधीच बंद पडलीय, तिथे आता फ्लॅट झालेत. नदीचं पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते. डोरीन म्हणाली, किती छान दिसते ना आता? नलूताई म्हणाल्या, ‘हो. पण मला आपली विटकरीच आवडायची.’ आणि मग मात्र दोघी एकमेकींना धरून खूप रडल्या. मी लांब उभी राहिले. ते रडणं त्या गावातल्या दोन मुलींचं होतं. माझं नव्हतं.

नवीन आवृत्ती गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये पोस्टाने आली. त्यांना उशांवर टेकवून बसवलं. भिंग लागलं. फोटो पाहिला, नाव वाचलं, मान डोलावली. मला वाटलं, आता शांतपणे पडतील. कसलं काय! पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मेघना, यांनी रंगखातं नदीच्या चुकीच्या काठावर दाखवलंय. कागद घे.’ ऑक्सिजनची नळी नाकात. एकेक वाक्य, मध्ये दम. पूर्ण दीड पान. शेवटी म्हणाल्या, सही मी करणार. त्यांनी केली. तीन अक्षरं वाकडी आली, तर पुन्हा केली. ते पत्र मी पोस्टात टाकलंय. उत्तर यायचंय. आलं की समीरला देईन, आणि त्यात टाळाटाळ दिसली तर पुढचं पत्र मी लिहीन.

नलूताई, तुम्ही वेदरक्लफच्या, तुम्ही साताऱ्याच्या, तुम्ही नवव्या मजल्याच्या. यातलं एकही कुणाला खोडू देणार नाही.

मंडळी, आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. एवढीच विनंती आहे, माना खाली घालू नका. त्यांनी कधी घातली नाही. ताठ उभे राहा, समोर बघा.

नलूताई, नमस्कार करते.