बुडण्यानंतरची पानं

वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटीच्या हातातल्या कादंबरीच्या कडा निम्म्यापर्यंत मळलेल्या होत्या, पुढे जवळजवळ कोऱ्या.

“ताई, संपवली! अगदी शेवटपर्यंत!”

“तो मुलगा बुडतो तिथे येऊन तीनदा परत केली होतीस ना?”

“या वेळी नाक पुसत पुसत पुढे गेले. अगं, त्याची बहीण नंतर भांडते, गाते, चक्क खदाखदा हसते!”

“हळू बोल, सगळे बघतायत.”

“बघू देत! आपला दादा बुडाला तेव्हापासून मी नदीचं नावसुद्धा काढलं नाही.”

“आणि लेकीला गुडघाभर पाण्यातही उतरू दिलं नाहीस, घाबरट कुठली.”

“पुरे झालं ते, ताई. सोमवारपासून पोरीला पोहायला घालणार.”